मात्रा

टॉडमॉर्डनच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी
जेनीननं शिकवलं ते एवढंच:
खोडायचं नाही.
चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी बरोबर ते, तारीख, आद्याक्षरं.
पांढरी शाई या इमारतीत चालत नाही.

कपाटात कपाट, त्याला दोन कुलपं,
आत गुंगीच्या औषधांची लाल वही.
शून्य दशांश दोन मिली कुठं गेलं?
सुईच्या बुडाशी राहिलं, तर तसं लिही.
लॅब्रॅडॉरनं हिसका दिला, भिंतीवर उडालं,
तर लिही, भिंतीवर.
आणि दुसरी सही घे.

शाळेत मी मात्रा द्यायला विसरायचे.
बाई वही उंच धरून वर्गाला दाखवायच्या,
बघा, हिनं मेळाचा मळ केलाय.
इथं मात्रा म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम,
आणि विसरून चालत नाही.

टपेन्स. मांजर, मादी, काळ्या-तांबड्या ठिपक्यांची.
वय सतरा. वजन दोन किलो नव्वद, मागच्या खेपेला तीन दहा.
थायरॉइड.
एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी,
मोडायची नाही, हातमोजे घालून द्यायची.
मिस्टर अ‍ॅकरॉइड तरुणपणी मागावर होते,
खडखडाटात कान तिथेच राहिले.
मी डोस सांगायचे तेव्हा ते माझ्या ओठांकडं बघायचे.
पिंजऱ्यातून तीही.

दर महिन्याला ते वही आणायचे.
लोकरीच्या दुकानाची जुनी हिशेबवही, पेन्सिलीची तिरपी अक्षरं.
त्यांचं 'गिव्हन' मी मनात 'दिली' वाचायचे:
सोमवार सकाळ, दिली.
संध्याकाळ, दिली, थुंकली, पुसून परत दिली.
मंगळवार, ट्यूना संपवला, गोळी बशीत, चाटूनपुसून स्वच्छ.
गुरुवार, रेडिएटरमागं तीन सापडल्या. कधीच्या, देव जाणे.
मी संगणकावर लिहायचे,
मालक सूचना पाळतात.

फेब्रुवारीत मूत्रपिंडं गेली.
शेवटच्या इंजेक्शनची नोंद माझ्याच हातची:
चार वाजून दहा, डावा पुढचा पाय, एकाच प्रयत्नात.
मालक हजर.
हजरच्या पुढं काय लिहायचं असतं
ते जेनीननं शिकवलेलं नाही.

आठवड्यानं ते उरलेल्या गोळ्या परत द्यायला आले.
ट्रेवर मी मोजल्या. वहीप्रमाणं अकरा हव्यात.
सतरा भरल्या.
पुन्हा मोजल्या, पाच-पाचच्या ढिगांनी.
सतरा.
मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझे ओठ वाचले असावेत.

"शेवटचे तीन दिवस," ते म्हणाले,
बहिरी माणसं बोलतात तसं, जरा मोठ्यानं,
बाकावरच्या टेरियरनं कान टवकारले.
"माझी चाहूल लागली की ती सोफ्याखाली जायची.
मला गोळीवाला म्हणून राहायचं नव्हतं.
वहीत 'दिली' लिहिलं.
तुम्ही इतकं नीट समजावलेलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सहा वेळा 'दिली', आणि एकही दिलेली नाही.
कशानं काही बदललं असतं का?
नसतं. मूत्रपिंडांवर त्या गोळीची मात्रा चालत नव्हती,
हे मी त्यांना सांगितलं, सावकाश, ओठ दिसतील असं.

मग पेन दिलं.
एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
त्यांनी सहा रेघा मारल्या, मागावरचा धागा ओढावा तशा सरळ.
शेजारी बरोबर ते लिहिलं:
मांडीवर झोपली.
खाली, तीच खूण.
तीच खूण.
शुक्रवार संध्याकाळ, नाही आली, सोफ्याखालीच.
तेही लिहिलं.
तारीख, आद्याक्षरं.
दुसरी सही माझी.

सतरा गोळ्या निळ्या झाकणाच्या डब्यात गेल्या.
ते पिंजरा काउंटरवर ठेवून निघाले,
कुणाच्या तरी कामी येईल म्हणाले.
संगणक मेमध्ये टपेन्सच्या लसीची आठवण पाठवणार होता.
ती थांबवली.
थांबवल्याची नोंद केली.