कानाडोळा

लॅपटॉपच्या कुशीत, हेडफोनच्या भोकात
तांबडा दिवा लागलाय,
सामन माशाच्या एका अंड्याएवढा.
सुन्लैने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं,
जळका वास येतोय का?
"वास माशांचा येतोय," ती म्हणाली,
"क्लाक्सविकमध्ये दुसरा कसला येणार?"

चढावरचं घर. धुक्याने वरची आळी पुसलेली.
टेबलावर लॅपटॉप,
जमिनीवर भावाचा जुना ॲम्प्लिफायर,
दोघांमध्ये एक काळी केबल
आणि अबोला.

प्लगच्या टोकावर पारदर्शक टोपी तशीच होती.
कुठल्याही नव्या वस्तूत माझा पहिला संशय टोपीवर.
काढली.
"झालं?"
नाही झालं.

टेबलाच्या पायाशी केबल काटकोनात दुमडलेली.
तांब्याची तार असती तर निभावलं असतं.
उजेडाला असं वळण सोसत नाही,
त्याला वळवायचं ते मांजराला उचलतात तसं,
पोटाखाली हात घालून.
सैल केली, दुसरं टोक तळहातावर धरलं:
तांबडा ठिपका.
म्हणजे इथवर तर येतोय.

सुन्लै बघत होती.
बत्तीस वर्षं फिश फॅक्टरीत, काटे काढणाऱ्या यंत्रापाशी.
डावा कान गेला, तिकडे कंपनीने कानाडोळा केला;
उजवा आपल्या सवडीने ऐकतो.
मी ओरडून सांगितलं:
यातून आवाज जात नाही! उजेड जातो!
लुकलुकत! सेकंदाला लाखो वेळा!
"मग ओरडतोस कशाला?" ती म्हणाली.

सेटिंग्जमध्ये डिजिटल आउटपुटचं तोंड
कुणीतरी बंद करून ठेवलेलं. उघडलं. तरी नाही.
मग दिसलं,
लॅपटॉप बोलतोय एकशे ब्याण्णव हजारांनी
आणि हा बिचारा अठ्ठेचाळीसच्या पुढे शिकलेलाच नाही.
चूक कुणाचीच नव्हती. मी वेग उतरवला.

ॲम्प्लिफायरच्या पोटात टक् झालं.

गाणं असेल असं मला वाटलं होतं.
इंजिन होतं.
पलीकडच्या बेटावर जाणारी फेरीबोट,
समुद्राखालून बोगदा झाला आणि ती विकली गेली.
शेवटच्या आठवड्यात त्रोंदुरने, तिच्या भावाने,
इंजिनरूममध्ये उभं राहून
चाळीस मिनिटं नुसतं इंजिन टिपून घेतलं.
मध्ये एकदा कुणीतरी खोकतं. तोच असावा.

सुन्लैने सपाता काढल्या, मग लोकरीचे मोजे,
आणि अनवाणी पाय लाकडी जमिनीवर टेकवले,
स्पीकरच्या जवळ.
कपातला चमचा किणकिणायला लागला.
"वाढव."
वाढवला.
"अजून. मला पोटरीपर्यंत हवाय."
आणि डोळे मिटून: "धक्का सुटला."
थोड्या वेळाने: "आता खाडीच्या बाहेर. लाट आडवी लागतेय."
मला यातलं काहीच ऐकू आलं नाही,
माझे दोन्ही कान शाबूत असून.

नीट चाललंय ना बघायला मी केबल उपटली
तर तांबडा दिवा तसाच,
आणि लॅपटॉपचा स्वतःचा गळा बसलेला.
भोकाच्या आत एक इवली पट्टी असते,
केबल निघाली हे कधीकधी तिला कळतच नाही.
टाचणी चालत नाही, धातूने घात होतो.
सुन्लैने खणातून पफिनचं पीस काढून दिलं.
मी पिसाचा दांडा आत घालून हळू फिरवला,
तिसऱ्या खेपेला दिवा विझला
आणि लॅपटॉप बॅटरी संपत आल्याचं किंचाळला.

"झालं," मी म्हणालो.
"पण काढलीस कशाला?"

परत लावली.
पैशांऐवजी तिने वाळवलेल्या मटणाचा तुकडा दिला, कागदात बांधून.
धुक्यातून उतार उतरताना
एकदा बूट काढून बघावं असं वाटलं.
रस्ता ओला होता. नाही काढले.