भाग नमूद नाही

रावपुऱ्यातल्या ऑफिसात, जिन्याखालच्या टेबलावर,
माझं काम एवढंच:
मरणाच्या कारणाला आकडा देणं.
डॉक्टरांचं अक्षर घाईतलं, माझा आकडा ठाशीव.
त्रेपन्न म्हणजे गर्भाशयाचं तोंड.
चोपन्न म्हणजे गर्भाशय.
पंचावन्न म्हणजेही गर्भाशयच,
पण भाग नमूद नाही.

पंचावन्नात गर्दी फार.
पादऱ्याच्या मंगूबेन, सावलीच्या जशोदा,
डभोईच्या कुणी हमीदाबानू, वय अंदाजे साठ.
कुठला भाग, हे कुणी विचारलंच नाही.
बाईच्या आतलं सगळं एकच गाठोडं,
बांधलेलं आलं, बांधलेलंच गेलं.

नव्या साहेबांना आलेख हवा होता, पंचवीस वर्षांचा.
काढून दिला.
रेघ वर जाते, मध्ये जरा बसते, परत उठते.
"वाढतंय," साहेब म्हणाले, चष्मा पुसत.
मी म्हटलं नाही की साहेब,
त्यात थोडं मरण वाढलंय
आणि थोडं लिहिणं.
आधी याच बायका अशक्तपणात होत्या,
रक्त कमी होतं यात होत्या,
हृदय बंद पडून यात होत्या.
शेवटी कुणाचं हृदय चालू राहतं?
आणि हल्ली ज्या चोपन्नात येतात
त्यांत साखरवाल्या जास्त, अंगानं भरलेल्या जास्त,
असं आम्हाला वाटतं.
वाटण्याला फॉर्मात रकाना नाही.

आलेखातला पहिला ठिपका अठ्ठ्याण्णवचा.
तो एकाने कमी आहे.
मला माहीत आहे कोण ती एक.

दांडिया बाजारातली मनूआत्या.
पाळी जाऊन बारा वर्षं झालेली,
आणि एका सकाळी मोरीतून बाहेर येऊन
मला कोपऱ्यात ओढून म्हणाली,
"पुन्हा शहाणी झाले गं मी, बासष्टाव्या वर्षी!
कावळा शिवला बघ म्हाताऱ्या म्हशीला."
मी एकोणीस वर्षांची.
हसलो दोघी, तोंडावर पदर धरून, ओढणी धरून.
कुणाला सांगू नकोस, म्हणाली.
नाही सांगितलं.
आठ महिने ती जुनी लुगडी फाडत होती
आणि घड्या वाळत घालत होती
गच्चीच्या मागच्या तारेवर, चादरीच्या आड.

सयाजीत न्यायला उशीर झाला होता.
काकांनी कारणापुढे लिहून आणलं, वार्धक्य.
बायकांचं काय ते कशाला कागदावर, म्हणाले.

दहाव्याला चांदोदला, नर्मदेकाठी,
पिंडाला कावळा शिवेना.
समोरच्या झाडावर पाच-सहा बसून होते.
काका म्हणाले, नातवाची मुंज करू.
थोरली जाऊ म्हणाली, पाटल्या सुनेलाच देऊ.
कावळे ढिम्म.
ऊन चढलं, तशी गुरुजींनी
दर्भाचा कावळा वळला आणि शिववला.
चालतं, म्हणाले, शास्त्रात आहे.
मी पाण्याकडे बघत राहिले.
खरा येऊन गेला होता आठ महिन्यांपूर्वी,
आणि आम्ही हसलो होतो.

आज वाघोडियाचा फॉर्म.
चंचळबेन, सदुसष्ट. गर्भाशय. बस, एवढंच.
पंचावन्न टाकून पान उलटायचं, असा नियम.
मी फोन लावते, हे नियमात नाही.
मुलगा घेतो.
विचारते, पाळी गेल्यावर पुन्हा कधी...
तिकडे पंख्याचा आवाज.
मग तो फोन बायकोकडे देतो.
ती आधी दार लावते, ऐकू येतं मला.
"हो बेन. सात-आठ महिने.
आम्हाला वाटलं, उष्णता असेल.
मोठ्या दवाखान्यात म्हणाले, पिशवीच्या आतल्या अस्तरातून."
मी पेन्सिलीनं चोपन्न लिहिते.
बरं, ठेवू का, म्हणते.

ती ठेवत नाही.
"बेन," आवाज आणखी खाली,
"एक विचारू?"