चौथा माईक

कर्लिंगच्या हॉलात, बर्फावर फळ्या अंथरून
चार खुर्च्या मांडल्या, चार माईक लावले.
आवाजाचं काम माझं, गेली बावीस वर्षं.
लग्नं, गुरांचे लिलाव,
आणि चार वर्षांतून एकदा हे.

ग्रँट लेफ्लरच्या ऑफिसातून सहाला निरोप आला:
साहेब लोकांना भेटायला बाहेर पडलेत.
लोक तर इथे होते. दोनशे चाळीस,
कोट न काढता बसलेले,
बुटांतून वर चढणारी सस्कॅचेवानची थंडी.

ओरिसिया ह्नाटिउकनं पेले भरले.
तीन जगमधून.
चौथा घरून आणलेल्या बाटलीतून,
तिच्या विहिरीचं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
प्रश्न तिनं कागदावर लिहिलाच नव्हता.

तिघं बोलले. एक तर आकडेही चुकली,
पण चुकली आमच्यासमोर.
चौथ्याची पाळी आली की टॉरवाल्ड मास्तर
घड्याळ लावून दोन मिनिटं गप्प बसायचे,
गृहपाठ न आणलेल्या पोराकडे बघत बसावं तसे.

मी तो माईक बंद केला नाही.
हीटरची घरघर, कुणाचा तरी खोकला,
सगळं मोठं होऊन छताला लागत होतं.

नंतर वायरी गुंडाळताना पाहिलं,
पेल्यात गाळ तळाला गेलेला,
वरचं पाणी जवळजवळ नितळ.

"एवढंच करतात ते," ओरिसिया म्हणाली,
"खाली बसेपर्यंत थांबतात."

आणि बोट घालून
तिनं ते ढवळलं.