एकशे बारावा मैल

टोनोपाच्या पुढे रस्ता सरळ,
दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीसारखा.
ऑर्व्हिलचे हात मांडीवर. गाडी आपली आपण चालते.
मी थर्मासचं झाकण उघडते
आणि
कचकन.

समोर काही नाही.
ना ससा, ना ट्रक, ना कागदाचा कपटा.
तापल्या डांबरावर नुसतं हलणारं पाणी,
जे पाणी नाही.

"काय दिसलं गं तुला?"
तो डॅशबोर्डला विचारतो,
इतक्या मऊ आवाजात
मला चाळीस वर्षांत कधी नाही विचारलं.

गेल्या खेपेला गॅरेजवाली म्हणाली होती,
सावली असेल. नाहीतर ऊन.
पैसे घेतले नाहीत तिनं.

मी तेव्हाही बोलले नाही
की गाडीच्या आधी
माझाच पाय दाबला जातो,
माझ्या बाजूला, जिथं ब्रेक नसतोच,
नुसती रबराची चटई.
या खांबापाशी दर वेळी. कोल्बी गेल्यापासून.

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत,
हात नाचवत पुढे निघून गेला.
ऑर्व्हिलनं पुन्हा बटण दाबलं.
मी मांडी पुसली,
उरलेली कॉफी
एकाच झाकणात ओतली. आधी त्याला.