आठचा आकडा

जानेवारी. सकाळचे आठ, आणि तार्तूत अजून काळोखच.
उर्वे कोट खुंटीला लावते,
मखमलीच्या तुकड्यावर चिमूटभर पांढरी भुकटी,
दोन थेंब पाणी,
आणि काचेसारख्या कोळशाचं ते टोक
घासत राहते इंग्रजी आठच्या आकड्यात,
न दाबता, न उचलता.
वीस वर्षं झाली.
कालचं सगळं पुसायला हवं.
इलेक्ट्रोडला आठवण राहिली की तो खोटं बोलतो.

केर्तु, नवी मुलगी, विचारते,
"पेपरात लिहितात, डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. खरं का?"
उर्वे फ्रीजमधली कुपी काढते.
पाच ग्रॅम. पांढरं. लेबलावर : डोळ्यांत जाऊ देऊ नये.
"विरघळवून उघडं ठेव दुपारपर्यंत,
कापलेल्या केळ्यासारखं काळवंडतं.
मला एवढंच माहीत."

मग नमुने. नावं नाहीत, नुसते आकडे.
पाठीच्या कण्यातून काढलेलं पाण्यासारखं पाणी.
विजेचा दाब हळूहळू चढवत न्यायचा.
कुठेतरी एकेक रेणू
दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो
आणि पडद्यावरच्या रेघेला टेंगूळ येतं.
पण त्याच उंबरठ्यावर
क जीवनसत्त्वही येऊन ठाकलेलं,
संख्येनं दांडगं, रेटारेटी करणारं.
उडदामाजी काळेगोरे.
म्हणून टोकाला एक पातळ पापुद्रा,
एकाला आत घेणारा,
दुसऱ्याला दारातूनच वाटेला लावणारा.

सत्तेचाळीस नंबरला टेंगूळच नाही.
सरळ रेघ, गोठलेल्या एमायगी नदीसारखी.
"बिघडलंय," केर्तु म्हणते.
उर्वे पुन्हा घासते. आठ, आठ, आठ.
तीच रेघ.
मग ती त्यात मोजून थोडं कुपीतलं मिसळते
आणि टेंगूळ येतं,
नेमकं, यायचं तिथेच.
म्हणजे यंत्राचं काही चुकलेलं नाही.
केर्तु खिडकीकडे बघते.

संध्याकाळी हेल्दुर, तिचे वडील, खुर्चीत.
अकॉर्डियन कपाटावर, त्याच्यावर टोप्या.
चेहरा बसवून दिल्यासारखा,
अंगठा बोटांवर फिरतोय,
न दिसणारी गोळी वळत.
ती क्रॅनबेरीचं सरबत ठेवते, नळीसकट.
"आज काय केलंस?"
"घासलं."
बराच वेळ गेल्यावर म्हणते,
"एक नमुना होता. रिकामा नव्हता, बाबा.
इतकं थोडं आम्हाला अजून मोजता येत नाही."

त्याच्या चेहऱ्यावर काही नाही.
टेबलाखाली डावा पाय मात्र
तीनच्या ठेक्यात.
किंवा थरथर असेल.
ती वाकून बघत नाही.