टाचा

डीपी जळली तेव्हा हरभरा घाट्यावर होता.
अकरा जणांची डीपी.
वासनिक लाइनमन म्हणाला, रोडपर्यंत तुम्ही आणा जी,
पुढं माझी गाडी.
आदल्या रात्री अवकाळी तासभर कोसळून गेलेला,
ट्रॅक्टर पहिल्याच धुऱ्याशी रुतून बसला.

बाभळीच्या दोन ओंडक्यांवर ते तेलकट धूड आवळलं,
बैलांनी तीन वावरं ओढलं,
रोडच्या चढाला बैल बसले.
बैलांना लाज नसते.

मग गुणवंता थोटेच्या कोठ्यातून मोटेचा नाडा निघाला.
मोट मोडून चाळीस वर्षं झाली, नाडा तसाच.
रोडकडेच्या निंबाला त्याचा वळसा घातला,
म्हणजे धूड वर चढणार, आम्ही बाजूच्या वावरात मागं सरकणार.
अकरा जण ओळीनं. मी सातवा.
पुढं शेषराव डहाकेची पाठ,
मागं मोतीराम कोहळेचा श्वास, खर्र्याचा वास मारणारा.

लावा रे जोर!
हैसाऽ

खरं सांगतो, माझा आवाज पूर्ण लागला होता.
दात आवळले होते, मान वाकडी केली होती,
दंडाच्या शिराही फुगवल्या.
नाडा मात्र मी नुसता धरला होता,
जत्रेत लेकराचं बोट धरावं तसा,
सुटू नये एवढाच.

कामचोर नाही मी, बाप्पा.
रात्री बारा वाजता मोटर खांद्यावर घेऊन
एकटा विहिरीच्या पायऱ्या चढलोय.
तेव्हा माझ्या जोराला माझंच नाव होतं.
इथं अकरा जणांचा जोर एका नाड्यात शिरला
की कोणाचा कोणता, कोण निवडणार?
आणि शेषरावची पाठ मला सैल दिसली,
किंवा मी तशी पाहिली.
दोन मोटरा त्याच्या, तीन एकर संत्रा त्याचा,
आपणच का मरावं?
एवढा विचार करायला जेवढी ताकद लागली
तेवढी नाड्यात घातली असती तर
जाऊ द्या.

दुपार कलली तेव्हा धूड रोडला लागलं.
वासनिकनं फोटो काढला.
थोटेच्या घरून चहाची किटली आली.
एकी असली का काय होत नाही! मोतीराम म्हणाला,
आणि मान हलवली आम्ही सगळ्यांनी,
मी जरा जास्तच.

नवी डीपी बसली चौथ्या दिवशी.
संध्याकाळी मोटर चालू करायला निघालो
तर निंबाजवळ चिखल वाळून टणक झालेला
आणि त्यात आमची ओळ जशीच्या तशी उभी,
नुसत्या पायांची.
जिथं जोर, तिथं टाच खोल.
माणूस न् माणूस वाचता येत होता.
माझी पावलं सापडली, डावी करंगळी वाकडी आहे माझी.
सपाट.
एसटीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसाची.
पुढचीही सपाट. मागची जरा बरी.

सगळ्यांत खोल खड्डे नाड्याच्या शेपटाशी,
वितीएवढं पाऊल,
टाच घोट्यापर्यंत गेलेली.

अकरा होतो आम्ही. हे बारावं कोण?
मग आठवलं, उईक्यांची रेवंती, सहावीतली,
पाण्याची कॅन घेऊन आली होती.
बाप थोटेकडे सालदार. तिची ना मोटर, ना डीपी.
कॅन खाली ठेवून तिनं शेपूट धरलं असणार.
आम्ही ओरडलो, लावा जोर,
तर तिनं लावला.

इकडंतिकडं पाहिलं. चप्पल काढली.
माझ्याच पावलात माझं पाऊल बसवलं,
टाचेवर सगळा भार दिला,
एकदा, दोनदा.
माती ऐकेना.

निंबामागं कोणी खोकललं.
शेषराव.
काही हरवलं का गा?
नाही जी, असंच. तुमचं?
असंच, तो म्हणाला,
आणि माझ्या पुढच्या पावलांपाशी येऊन
खाली बघत उभा राहिला.
चप्पल त्याच्या हातात होती.