दोन टाळ्या

गुड फ्रायडेला दुपारी मी चर्चचं बाजूचं दार उघडते
आणि उशा मांडते. एकशे चौदा.
बाक ओकचे आहेत, तीन तास बसलं
की आपली हाडं आपल्याला मोजता येतात.
उशीचं भाडं एक युरो. पाद्रीबाई म्हणतात, घेऊ नकोस.
मी घेते. छप्पर गळतं.

इथे नियम कुणी लिहून लावलेले नाहीत.
कोट अंगातून काढायचा नाही, बटणं तेवढी सोडायची.
शब्दांची पुस्तिका मांडीवर, आणि पान
सगळ्यांनी एकदम उलटायचं.
तेव्हा असा आवाज होतो, जसा समुद्राच्या बांधावरून
बदकांचा थवा उठावा
आणि विचार बदलून तिथेच बसावा.

पेपरमिंट दुसऱ्या भागात.
त्याचा कागद सोडायचा तो नेमका
जमाव ओरडतो त्या जागी, क्रुसावर द्या, क्रुसावर द्या,
सत्तर गळे एकदम तुटून पडतात तेव्हा.
ऐकू जात नाही कुणाला.
आई म्हणायची, आपला वाटा एवढाच गं,
त्या गोंगाटात आपलाही कागद वाजतो.

आणि शेवटी टाळ्या नाहीत.
सूर छतात विरला की थांबायचं.
संचालकाने हात खाली घेतले, तरी थांबायचं.
मग पहिला बाक उठतो, मागून दुसरा,
बुटांचा आवाज तेवढा.
बोलायचं ते बाहेर, सायकलचं कुलूप काढताना,
तेही आधी वाऱ्याबद्दल.

श्येफ क्वाडफ्लिख दक्षिणेचा, कार्निव्हलवाल्या मुलखातला,
दूध-कारखान्यात बॉयलर बसवायला आला होता.
मी नऊ वर्षांची. सूर विरला,
आणि तिसऱ्या खांबामागून टाळी.
आणखी एक.
मग त्याला कळलं. तिसरी
दोन तळव्यांच्या मधोमध राहून गेली.

गावाने नाव ठेवलं, दोन-टाळ्या.
बेकरीत, पोस्टात, बर्फावर स्केटिंग करताना,
लग्नपत्रिका सोडून सगळीकडे.
लग्न हिस्केशी. ती आल्टोत, दुसऱ्या रांगेत.
त्या दिवशी मफलर न गुंडाळताच दारात थांबली होती,
कोण तो, कोण तो, विचारत.
पुढे सदतीस गुड फ्रायडे ती गात राहिली
आणि तो खांबामागे हातांवर बसून राहिला,
खरोखर हातांवर, मांडीखाली दाबून.
उशी त्याने कधी घेतली नाही.

नोव्हेंबरात हिस्केला पोचवून आलो.
दुसरी रांग खांद्याला खांदा सरकली,
मधली फट बुजली.
यंदा श्येफ आला. एक युरो माझ्या हातावर ठेवला,
उशी घेतली.

शेवटचा सूर गेला.
मी दारापाशी उभी, त्याचे मोकळे हात बघत.
टाळी एका हाताने वाजत नाही, ठाऊक आहे मला,
तरी कबूल करते,
मनात म्हणत होते, वाजव.
पहिला बाक उठेना.
संचालकाची बोटं पुस्तकाच्या कडेवर तशीच.
आल्टोची आख्खी रांग खांबाकडे बघत होती,
आणि मला वाटलं, म्हणजे मी एकटी नाही तर.

तोच उठला. पहिल्या बाकाच्याही आधी,
असं इथे कुणी कधी केलेलं नाही.
बूट वाजवत माझ्या समोरून गेला.
बाहेर सायकलवर वाकून म्हणाला,
वायव्येचा आहे आज.
हो, मी म्हटलं, रात्री वाढेल.

मग झाडू.
बाकांखाली चांदीचे कागद, चिमटलेले, चुरगळलेले,
कोण कुठे बसलं होतं ते मी कागदांवरून सांगेन.
तिसऱ्या खांबामागे उशीवर एक पेपरमिंट,
कागदासकट, न सोडलेलं.
झाडू भिंतीला टेकवून मी तिथेच बसले
आणि ते सोडलं.
रिकाम्या चर्चमध्ये
केवढ्याने वाजला तो कागद.